उसाच्या फडातले पूर्वज

मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुई बंदरालगतच्या आप्रवासी घाटावर त्या दिवशी पंतप्रधान येतात, मंत्री येतात, भारतातून पाहुणे येतात. २०१७ साली योगी आदित्यनाथ गेले होते. सोळा दगडी पायऱ्यांवर फुलं वाहिली जातात. भाषणांत एक गोष्ट हटकून येते. १८३४ साली याच तारखेला 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन इथे लागलं. दगड उलटला की खाली सोनं सापडतं असं सांगून मजुरांना आणलं गेलं. सोनं सापडलं नाही, पण त्यांनी घाम गाळून या दगडाळ बेटाचंच सोनं केलं. म्हणून पूर्वजांचे आभार, ज्या धर्मानं त्यांना तगवलं त्याचे आभार, आणि ज्या देशानं त्यांच्या पतवंडांना मंत्री केलं त्याचेही आभार.

(आप्रवासी घाट म्हणजे मजुरांना उतरवून घेण्याचा डेपो, आणि तो १८४९ सालचा. म्हणजे पहिले छत्तीस जण त्या पायऱ्या चढलेच नव्हते. पण स्मारकांना एवढी सूट द्यायला हरकत नाही.)

या सुट्टीत मराठी माणसांचाही वाटा आहे. मुंबई बंदरातून जे गेले त्यांत रत्नागिरीकडचे लोक बरेच होते, आणि त्यांचे वंशज आज कास्कावेलसारख्या गावांत राहतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी मिळते. दर भाद्रपदात तिथल्या आरत्यांचे व्हिडिओ आपल्याकडे फिरतात आणि आपला ऊर भरून येतो. मलाही ते व्हिडिओ आवडतात. पण ऊर भरून येणं ही फार स्वस्तातली गोष्ट आहे. या सगळ्या आभारांचा अर्थ हळूहळू असा लावला जाऊ लागला आहे की, आमच्या पूर्वजांनी सोसलं, तेव्हा आमचा हक्क मोठा. माझ्या मते हिशेब नेमका उलट मांडायला हवा. त्यांनी सोसलं असेल, तर आज तेच सोसणाऱ्या माणसाचं आपण काही देणं लागतो.

आधी त्यांनी केलं काय ते नीट सांगितलं पाहिजे, कारण 'दगडाचं सोनं' म्हटलं की ते सगळं बुजून जातं.

१० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्यात, पोलीस कचेरीत, मॅजिस्ट्रेटसमोर छत्तीस जणांचा करार झाला. ही माणसं छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासी होती. पाच वर्षं काम, महिना पाच रुपये. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली. त्यांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान. करारात एक कलम होतं ते सगळ्यांच्या तोंडी राहिलं: एक दिवस कामावर नाही आलात, तर दोन दिवसांचा पगार कापणार. आजारी माणसालाही ते सर्रास लावलं जाई. पाच वर्षं संपली तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या प्रत्येक भारतीयाला स्वतःचा फोटो चिकटवलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं झालं. ते तिकीट विकत घ्यायचं त्यानंच. पोलिसानं मागितलं आणि नाही दाखवता आलं, तर भटक्या म्हणून अटक. म्हणजे मोकळं झालेल्या माणसानं पुन्हा मळ्यावर जाऊन नवा करार करावा, यासाठीच तो कायदा होता.

याला उत्तर काय दिलं गेलं? १८७१ मध्ये ९,४०१ जणांनी गव्हर्नरला अर्ज दिला. तो लिहायला मदत करणारा आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाचा गोरा माणूस होता. मळेवाल्यांच्या गोटातल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. अर्जामुळे १८७२ मध्ये लंडनहून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि पुढे कायदा बदलावा लागला. ज्यांना पास दाखवल्याशिवाय शेजारच्या जिल्ह्यात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनी सरकारच्या दारात नऊ हजारांवर नावांचा कागद नेऊन ठेवला. घाटावर फुलं वाहायची तर मला या नावांवर वाहावीशी वाटतात. पण भाषणांत हा अर्ज क्वचित येतो. घाम गाळणारे पूर्वज सत्तेला आवडतात, अर्ज करणारे तितकेसे आवडत नाहीत. ही सवय फक्त मॉरिशसची नाही.

धर्माचंही तसंच. तिथल्या मळ्यांच्या वस्त्यांत 'बैठका' असत. दिवसभर उसात राबून आलेली माणसं संध्याकाळी गवताच्या छपराखाली जमत, रामायण वाचत, भजनं म्हणत आणि अक्षरं गिरवत. १९४७ च्या घटनादुरुस्तीनं मताधिकारासाठी एक साधी अट ठेवली: बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एकीत सोपं वाचता-लिहिता आलं पाहिजे. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे स्वयंसेवक गावोगाव फिरले, बैठकांमधून हजारो बायाबापड्यांना सही करायला शिकवलं. आधी बाराएक हजार मतदार होते, १९४८ च्या निवडणुकीत ते सत्तर हजारांच्या वर गेले. मळेवाल्यांच्या हातचं विधिमंडळ एका फटक्यात बदललं. धर्माचे आभार मानायला माझी अजिबात हरकत नाही, पण ते या बैठकांसाठी मानावेत. देव तिथे देवळात होताच, आणि संध्याकाळी तो पाटी-पेन्सिलीशेजारीही बसत होता.

आणि देश? तो काही कुणी दान दिला नाही. १९३६ मध्ये मजूर पक्ष काढला तो मॉरिस क्युरे नावाच्या क्रिओल, म्हणजे गुलामांच्या मिश्र वंशातल्या, डॉक्टरनं. त्याच्या खांद्याला खांदा लावून पंडित सहदेव उभे होते आणि एमान्युएल आंकेतिलही. २७ सप्टेंबर १९४३ ला बेल व्ह्यू हारेल इथे मजुरीवाढ मागणाऱ्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघांचा जीव गेला. त्यांत अंजलाय कुपेन ही गरोदर बाई होती. आज तिथल्या एका स्टेडियमला तिचं नाव आहे. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं ते या सगळ्याच्या शेवटी.

इथवर बहुतेकांना मान्य असेल. अडचण यापुढे आहे.

छत्तीस जण उतरले २ नोव्हेंबर १८३४ ला. मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्यानं संपली १ फेब्रुवारी १८३५ ला. मधलं अंतर तीन महिन्यांचं, आणि ते योगायोगाचं नाही. गुलामगिरी बंद करताना ब्रिटिश सरकारनं आपल्या सगळ्या वसाहतींतल्या गुलाममालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काही दिलं नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबायला लावलं. १८३९ मध्ये ती उमेदवारी संपली तेव्हा बहुतेकांनी मळे सोडले आणि ते किनाऱ्यावर, डोंगरउतारावर, मिळेल त्या तुकड्यावर जाऊन राहिले. ज्या मळ्यावर आई-बाप चाबकाखाली मेले, तिथे पुन्हा कोण जाईल? एरवी अशा वेळी मजुरी वाढली असती, मळेवाल्याला हात जोडून माणसं बोलवावी लागली असती. तसं झालं नाही, कारण बंदरात कलकत्त्याची जहाजं लागत होती. आपल्या पूर्वजांना आणलं गेलं ते मोकळ्या झालेल्या माणसाला सौदा करता येऊ नये म्हणून. यात त्या छत्तीस आदिवासींचा किंवा रत्नागिरीच्या कुण्या कुणब्याचा दोष शून्य. पण 'आम्ही आलो आणि बेटाचं सोनं झालं' असं म्हणताना, आपण येण्याआधी तिथला ऊस कोण लावत होतं आणि ते लोक कुठे गेले, हे सांगायला नको?

धर्म जपण्याच्या अभिमानालाही एक अवघड बाजू आहे. फ्रेंच अमलात, १७२३ च्या फर्मानानं, गुलामांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा होता. मोझांबिकहून किंवा मादागास्करहून आणलेल्या माणसाचा देव गेला, भाषा गेली, नावसुद्धा मालकानं ठेवलेलं. भारतीय मजुरावर मात्र ब्रिटिश अमलात धर्म बदलायची सक्ती नव्हती. काही मळेवाल्यांनी तर मळ्यावर देऊळ बांधायला जागा दिली, कारण भजनात रमलेला मजूर पळून जात नाही, हे त्यांना कळलं होतं. आपल्या लोकांनी गणपती जपला, काळीमाईची ठाणी उसाच्या बांधाला उभी केली, महाशिवरात्रीला डोंगरातल्या तळ्याला गंगा म्हटलं, यात चिकाटी निश्चित होती. पण जपायची मुभाही होती. ज्याला ती मुभा नव्हती त्याच्यासमोर 'आम्ही आमचा धर्म सोडला नाही' असं छाती फुगवून सांगणं मला बरं वाटत नाही. हे वाक्य नुसत्या कृतज्ञतेचं राहत नाही, त्यात दुसऱ्यानं सोडला असं सुचवलेलं असतं.

आणि तारीखही मोठी विचित्र पडली आहे. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतात्म्यांचा दिवस. घाटावर एकीकडे समारंभ चालू असतो, तेव्हा बेटावरची क्रिओल कुटुंबं फुलं घेऊन स्मशानात गेलेली असतात. त्यांच्या पूर्वजांची सरकारी सुट्टी वेगळी, १ फेब्रुवारीला. तिचं ठिकाण वेगळं, पळून गेलेले गुलाम जिथे लपत तो ले मोर्नचा डोंगर. घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला, डोंगर २००८ मध्ये. कागदावर समतोल उत्तम साधला आहे. पण फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं, तेव्हा कागदावरचा समतोल रस्त्यावर नाही, हे सगळ्यांना दिसलं. पुढे २००९ मध्ये सरकारनं सत्य आणि न्याय आयोग नेमला. त्यानं गुलामगिरी आणि करारमजुरी या दोन्हींचा एकत्र अभ्यास करून २०११ मध्ये अहवाल दिला. दोन सुट्ट्यांना जे जमत नाही ते या आयोगानं निदान कागदावर केलं: दोन्ही पूर्वज एकाच उसाच्या फडात आणून उभे केले.

पूर्वजांच्या आभाराचा हक्क कसा होतो, याचं एक उदाहरण तर नोटांवरचंच आहे. मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजीखाली तमिळ आणि मग हिंदी मजकूर असायचा. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या त्यांत हिंदी वर गेली आणि तमिळ खाली आली. गदारोळ झाला. तमिळ लोकांचं म्हणणं, आमचे पूर्वज बेटावर आधी आले, फ्रेंचांच्या काळात कारागीर म्हणून. तेव्हा आमची ओळ वर. शेवटी नोटा मागे घेऊन पुन्हा छापाव्या लागल्या. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोण कुठल्या जहाजातून आधी उतरलं यावर आज देशाच्या तिजोरीचा पैसा खर्च झाला. हसायचं असेल तर हसावं, पण जपून. रांगेत आपणही आहोत. तिथल्या जनगणनेच्या तक्त्यांत हिंदू या गटाखाली मराठी, तमिळ, तेलुगू असे वेगळे उल्लेख येतात. म्हणजे धर्म कोणता या प्रश्नाला 'मराठी' असं उत्तर देणारी माणसं जगात कुठे असतील तर ती तिथे आहेत. मुंबई-पुण्यात बसून हे वाचलं की गंमत वाटते. तिथे त्याला फार व्यवहारी कारण आहे: धर्मसंस्थांचं अनुदान, नभोवाणीवरचा वेळ, शाळेतले भाषाशिक्षक, सुट्टी, हे सगळं गटागटानं मिळतं, आणि गट म्हणून मोजले गेलो नाही तर हिंदी भाषकांच्या मोठ्या लोंढ्यात बुडून जाऊ, ही भीती खोटी नाही.

त्यामुळे तिथल्या मराठी माणसाची बाजूही समजून घेतली पाहिजे. घरात सगळे क्रिओल ही तिथली भाषा बोलतात. मराठी शाळेत शिकायची, आरतीत म्हणायची, नाटकात ऐकायची. पूर्वजांचं नाव घेऊन भांडले नसते तर एवढीही राहिली नसती. जो समाज लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास आहे, त्याला 'गट करू नका' असा उपदेश बारा कोटींच्या राज्यातून करणं शोभत नाही. मी तो करत नाही. मी एवढंच दाखवतो आहे की, या मोजणीत ज्यांच्या पूर्वजांची नोंदच नव्हती ते कुठे बसले. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात तीन समाज नावानिशी आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन. आणि ज्यांची जीवनपद्धती या तिन्हींत बसत नाही, ते सगळे 'सामान्य लोकसंख्या'. गुलामांचे वंशज त्या उरलेल्यांत, आणि गंमत अशी की गुलाममालकांचे वंशजही त्याच उरलेल्यांत. निवडणुकीत हरलेल्या उमेदवारांतून संसदेतल्या आठ जागा समाजवार भरायच्या, त्यासाठी आकडे आजही १९७२ च्या जनगणनेचे वापरतात, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद केलं. शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी, तमिळ, हिंदी, उर्दू कधीच्या आल्या. ज्या क्रिओलमध्ये अख्खं बेट बोलतं, भांडतं आणि झोपेत बडबडतं, ती प्राथमिक शाळेत पर्यायी विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडलं.

असं असूनही बेटावर दुसरी रीतही आहे. पेर लावाल हा फ्रेंच धर्मगुरू १८४१ मध्ये आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत मुक्त गुलामांत राहिला. ८ सप्टेंबरच्या रात्री सेंट-क्रुआला त्याच्या समाधीकडे हजारो लोक चालत जातात, त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात. त्यांच्यातल्या कुणाच्याही पूर्वजाचं लावालनं काही केलेलं नव्हतं. तरी जातात. नवस असतात, आजारपणं असतात, थोडी हौसही असते. पण दुसऱ्याच्या पूर्वजावर उपकार करणाऱ्याला आपण हात जोडावेत, ही बुद्धी कुठल्याही सरकारी सुट्टीशिवाय लोकांना सुचली.

आता आपल्याकडे वळू. २०२३ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते मॉरिशसमध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तिथल्या मराठी मंडळांना महाराष्ट्राकडून मदत जाते, पुस्तकं जातात, पाहुणे जातात. ते जावंच. पण 'सातासमुद्रापार मराठी झेंडा' हे जे आपण लावतो, त्यात एक प्रश्न शिताफीनं टाळलेला असतो: हे लोक गेले का? झेंडा लावायला कुणी गेलं नव्हतं. रत्नागिरीत जमीन तुटपुंजी, पाऊस चार महिने आणि उरलेले आठ महिने कर्ज. वर खोत. कुळानं पिकवायचं आणि खोतानं न्यायचं. १९३७ मध्ये, म्हणजे पहिलं जहाज लागून शंभर वर्षं उलटल्यावरही, बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडावं लागलं. त्या काळात कोकणातला गडी मुंबईच्या गोदीत जाई, पलटणीत जाई, गिरणीत जाई; कुणी एखाद्या दलालाच्या बोलण्याला भुलून 'मिरिच'च्या, म्हणजे मॉरिशसच्या, जहाजात चढे. मॉरिशसच्या नोंदवहीत मजुराच्या नावापुढे जातही लिहिलेली असे. त्या रकान्यांत पाहावं, म्हणजे कळतं की आपण ज्यांचा झेंडा मिरवतो त्यांतल्या किती जणांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. ते मराठी राहिले ही त्यांची मोठी कर्तबगारी आहे. त्यांना जावं लागलं ही आपली होती. तिचा पुतळा कुणी बांधत नाही.

आपल्या परंपरेत ऋणांचा विचार आहे आणि तो बहुतेकांना तीनपर्यंत पाठ असतो: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणात चौथंही आहे, मनुष्यांचं. देवऋण यज्ञानं फिटतं, ऋषिऋण अध्ययनानं, पितृऋण संततीनं. आणि मनुष्यऋण फिटतं ते आलेल्याला आसरा देऊन, अन्न देऊन. २ नोव्हेंबरच्या भाषणांत देव, पितर आणि देश येतात, चौथा मात्र गळतो. नेमका तोच या प्रसंगाला लागू पडतो, कारण ज्या पितरांची आठवण काढायची ते आसरा मागत परक्या दारात उतरलेले होते.

आज मॉरिशसच्या दारात कोण उतरतं? कापड गिरण्यांत, बांधकामावर, बेकऱ्यांत बांगलादेशचे, नेपाळचे, भारताचे, मादागास्करचे मजूर हजारोंनी आहेत. मुदतीचा करार, राहायला डॉर्मिटरी, परवाना एका मालकाशी बांधलेला, आणि येण्यासाठी गावाकडे दलालाला दिलेलं कर्जाऊ पैशांचं पाकीट. तक्रार केली तर परत पाठवायची धास्ती. १८६७ चं तिकीट आणि हा परवाना एकसारखा नाही. आज न्यायालय आहे, कामगार खातं आहे, संघटना आहेत, चाबूक नाही. फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. तरीही आप्रवासी घाटावर फुलं वाहणाऱ्या देशात करारमजुराची तक्रार सर्वांत आधी ऐकली जायला हवी होती, तिथल्या डॉर्मिटऱ्या जगातल्या सर्वांत बऱ्या असायला हव्या होत्या. तशा आहेत असं तिथलं कुणीही म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, सणासुदीच्या दिवशी हे कशाला उकरायचं? वर्षातून एक दिवस माणसं आजी-आजोबांची आठवण काढतात, काढू द्या. काढू द्याच. घरात, देवापुढे, फोटोला हार घालून जी आठवण निघते तिच्यात मी नाक खुपसत नाही. पण ज्या दिवशी सरकार सुट्टी देतं, मंत्री भाषण करतो आणि दुसरा देश पाहुणे धाडतो, त्या दिवशी ती आठवण खासगी राहत नाही. सरकार त्या दिवशी जनतेला सांगत असतं की या देशात कोणाचे कष्ट मोजले जातात. मग कोणाचे मोजले नाहीत, हे विचारायचा दिवसही तोच.

आणि हा प्रश्न विचारायला आपल्याला समुद्र ओलांडायची गरज नाही. साधारण त्याच सुमाराला, दसरा-दिवाळीच्या पुढेमागे, महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू होतो. बीड, नगर, जालन्याकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दिवस बुडाला की खाडा, आणि तो उचलीत चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. मॉरिशसच्या मळ्यावर मुकादमाला सरदार म्हणत, खाड्याला डबल कट. पीक तेच, ऊस. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून बाई शस्त्रक्रियेला तयार होते, हे त्या चर्चेतून राज्याला कळलं. कळलं म्हणजे छापून आलं. गावाला आधीपासून माहीत होतंच.

साखर कारखान्याच्या आवारात जाऊन विचारलं तर सांगतात, तोडणी कामगार आमचा नाही, तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो मुकादमाचा. मुकादमाकडे वही असते, तिच्यात उचलीचा आकडा असतो. अलीकडे गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालं आहे, ओळखपत्रांचं काम सुरू झालं आहे, मुलांच्या वसतिगृहांच्या योजना आहेत. पण ज्याच्या तोडणीवर कारखाना चालतो त्याचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसतं.

मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारमजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, जहाज. १८६० च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा. माणसाला पळता येऊ नये म्हणून केलेल्या नोंदी त्या. आज त्यांच्याच आधारानं कास्कावेलचा एखादा तरुण पणजोबाचं गाव शोधत रत्नागिरी जिल्ह्यात येऊ शकतो. आष्टी-पाटोद्याहून यंदाच्या हंगामाला निघालेल्या कोयत्याच्या पतवंडाला अशी कुठलीही वही उघडता येणार नाही. गोऱ्या मळेवाल्यांच्या सरकारनं जे स्वार्थासाठी केलं, ते सहकाराच्या राज्यानं निदान लाजेकाजेस्तव करायला काय हरकत आहे: कारखान्याच्या पटावर नाव, नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं, उचलीचा आकडा तिच्यासमोर लिहिलेला, आणि आजारपणाचा खाडा बंद.